किती ढील

कुवाता-सान शटर अर्धं ओढतात
आणि गल्ल्याशेजारी जुनं फडकं पसरतात.
त्यावर तीन हब,
मासळीवालीनं ताजेपणा दाखवायला मांडावेत तसे,
आस वर करून.

बाहेर आमागासाकीचा शुक्रवार.
टोपलीवाल्या सायकली पंक्चरच्या रांगेत;
दुकानाचं पोट त्यांच्यावर.
आमच्यासारख्यांसाठी खालचा एक खण,
तोही लाथ मारल्याशिवाय उघडत नाही.

माझा हब मंगळवारी गेला.
पुलाखाली, उलटी जात होते,
एक पाय पेगवर, एक पेडलवर नुसता टेकलेला.
आत काहीतरी चिकटलं,
पेडल चाकाबरोबर मागे फिरलं
आणि नडगीवर येऊन बसलं.
चौदा वर्षं. मेला म्हणवत नाही.
दमला.

"हा हलका," ते म्हणतात. "पोरं हाच नेतात."
तळहातावर फिरवून बघते.
जरा पुढे लोटला की धरलंच त्यानं,
गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसलाय.

दुसऱ्याची ढील बाहेरून बदलते,
चाक न काढता, एका किल्लीनं.
"म्हणजे मनासारखी?"
"मनासारखी. म्हणून लोक रोज किल्ली फिरवतात,
सायकल नाही."

तिसरा त्यांनी स्वतः जुळवलेला.
कुठल्याशा टपालवाल्याच्या सायकलीचा मागचा हब,
ब्रेकचे जबडे काढलेले,
आटे घासूनपुसून, ग्रीस भरून.
जड. फिरवला तर आवाज नाही.
ह्यात कुत्री नाहीत टिकटिक भुंकायला,
एक शंकू, तोही आट्यावरून
सावकाश सरकत येतो, उशिरा भेटतो.

मी दिवसभर दात करते. दुसऱ्यांचे, चिनी मातीचे.
वरच्या-खालच्या दाढेत निळा कागद धरते,
जिथे ठसा गडद, तिथे घासते.
केसभर उंच राहिला तर कुणीतरी
भाताच्या पहिल्या घासाला कळवळतं.
फट म्हणजे काय, हे मला
कुणी शिकवायला नको.
तरी इथे उभी, तीन हबांपुढे,
आणि काही सुचत नाही.

"घाबरलीस की पाय कुठे जातो?
पुढे की मागे?"

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.
डॉक्टरनं नाही, नवऱ्यानं तर नाहीच.

ते त्यांची डिलिव्हरीची सायकल स्टँडवर चढवतात,
मला बसवतात, डोळे मीट म्हणतात.
मी मिटते.
ग्रीसचा वास, वरून हानशिन लाइनची गाडी,
मग काहीच नाही, बराच वेळ,
आणि कानामागे धाडकन शटर पडतं.

डोळे उघडले तेव्हा मागचं चाक
गरगर फिरत होतं.

"पुढे," ते म्हणाले. शटर पुन्हा अर्धं वर.
"घाबरलीस की तू पेडल मारतेस.
हलका घेतलास तर तो लगेच ऐकेल."

तिसऱ्यातून त्यांनी एक वायसर काढला,
माझ्याकडे पाहिलं, आणखी एक काढला.
साडेनऊ हजार येन. वायसर पुडीत बांधून दिले,
बडीशेपेसारखे. "लागतील," म्हणाले.

रात्री पुलाखाली रेन्तारो होता,
वयानं माझ्या निम्मा, अंगानं रबर.
"कुठला घेतला?"
"जड."
तो हसला. मी उलटी निघाले.

पहिल्या खेपेला पडले. पुढे जायचं होतं,
पेडल दाबलं, तर खाली कुणी नव्हतंच,
अर्धी फेरी नुसती हवा.
कोपर सोललं.

चौथ्या की पाचव्या खेपेला
वरून ट्रक गेला, सांध्यावर आदळला, खांब थरथरला,
माझा पाय दचकून पुढे गेला, गेलाच,
आणि हबला कळलं नाही.
चाक आपलं मागे जात राहिलं.
पाय थोडा वेळ तिथेच थांबला,
ओशाळला,
आणि होता तिथे परत आला.

पुडी अजून खिशात आहे.
एक वायसर परत घालावा का,
उद्या बघू.